न्यूकॅसलच्या पेठेतील बंद गाळे



ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, सिडनीच्या उत्तरेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर न्यूकॅसल नावाचे बंदर आहे. १७९७ साली तेथील नदीच्या मुखाशी कोळसा सापडला आणि १८०४ मध्ये इंग्रजांनी तेथे हद्दपार कैद्यांची कायम वसाहत केली. आपल्याकडील अंदमानची आठवण व्हावी असाच हा प्रारंभ होय. कैद्यांनी खणलेल्या कोळशावर गाव वाढले आणि इंग्लंडातील कोळशाच्या सुप्रसिद्ध शहराचे नाव त्याला मिळाले. १९१५ मध्ये बी. एच. पी. या कंपनीने तेथे पोलादाचा कारखाना काढला. त्यानंतर जवळजवळ ८५ वर्षे हे गाव पोलादाचे गाव म्हणूनच ओळखले गेले. कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळे लावावीत, मुलाने बापाच्या जागी कामाला लागावे आणि पगाराच्या दिवशी हंटर स्ट्रीटवर खरेदीला जावे, असा तेथील जीवनक्रम होता. गिरणगाव किंवा सोलापूर ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो वेगळा समजावून सांगण्याचे कारण नाही.

हा हंटर स्ट्रीट म्हणजे न्यूकॅसलची मुख्य पेठ. बंदराला समांतर जाणारा हा लांबलचक रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना दुमजली-तिमजली इमारती, खाली दुकाने, वर कचेऱ्या. संपूर्ण परिसराची खरेदी येथेच होत असे.

पेठ ओस कशी पडली, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. उपनगरांतील घरे वाढली, मोटारी वाढल्या आणि कोटारा, चार्ल्सटाऊन यांसारख्या उपनगरांत विस्तीर्ण वाहनतळ असलेली मोठी व्यापारी संकुले उभी राहिली. गाडी लावण्याची सोय आणि एका छपराखाली सर्व माल, हे आकर्षण गिऱ्हाइकाला पुरेसे होते. त्यातच २८ डिसेंबर १९८९ रोजी सकाळी शहराला ५.६ तीव्रतेच्या भूकंपाचा धक्का बसला. १३ माणसे मृत्युमुखी पडली आणि मध्यवस्तीतील अनेक जुन्या इमारतींना तडे गेले. काही पाडाव्या लागल्या, काही दुरुस्तीवाचून तशाच राहिल्या. पुढे १९९९ मध्ये पोलादाचा कारखाना बंद झाला. नवे बांधकाम करावे तर तेथे एक निराळीच अडचण होती. शहराच्या पोटात जुन्या कोळसाखाणींची पोकळी आहे. मोठी इमारत बांधण्याआधी ती पोकळी भरून काढावी लागते आणि तो खर्च लहानसहान मालकाच्या आवाक्यातला नसतो.

२००८ साली न्यूकॅसलचाच सुपुत्र असलेल्या मार्कस वेस्टबरी या गृहस्थांनी मुख्य रस्त्यांवरून चालत जाऊन बंद जागा मोजल्या. त्या सुमारे १५० भरल्या. दीड लाख वस्तीच्या शहराच्या ऐन मध्यभागी दीडशे कुलपे!

वेस्टबरी हे व्यापारी नव्हेत आणि नगररचनाकारही नव्हेत. ते कलामहोत्सवांचे संयोजक. १९९८ पासून न्यूकॅसलमध्ये भरणाऱ्या तरुण कलावंतांच्या एका महोत्सवाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. पुढे ते मेलबर्नला स्थायिक झाले. आपल्या गावी एखादे लहानसे मद्यगृह काढावे या विचाराने त्यांनी जागेचा शोध घेतला तेव्हा त्यांना एक विलक्षण अनुभव आला. रिकाम्या जागा समोर दिसत होत्या, पण त्या भाड्याने देण्याची उत्सुकता मात्र कोठेच दिसत नव्हती. हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला. ओस पेठेत जागा स्वस्त व्हावी असे साधा व्यवहार सांगतो. मग ती स्वस्त का होत नाही?

रिकामी जागा रिकामीच का राहते

या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करावयास हवा, कारण सगळी मेख येथेच आहे.

मालक आळशी असतो किंवा दुष्ट असतो म्हणून गाळा बंद राहतो, असा एक सर्वसाधारण समज असतो. काही ठिकाणी तो खराही असेल. परंतु बहुतेक वेळा मालकाच्या दृष्टीने गाळा बंद ठेवणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो. मोठ्या व्यापारी मालमत्तेची किंमत तिच्या अपेक्षित भाड्यावरून काढली जाते. बँकेचे कर्जही त्याच किमतीवर उभे असते. समजा एखादा गाळा चढ्या भाड्याचा म्हणून कागदोपत्री नोंदलेला आहे आणि तो मालकाने चौथाई भाड्याने दिला, तर त्याच दिवशी त्याच्या संपूर्ण मालमत्तेची किंमत घटल्याचे पुराव्यानिशी सिद्ध होते. गाळा बंद ठेवला तर उत्पन्न बुडते, पण कागदावरील किंमत टिकते. शिवाय ऑस्ट्रेलियातील करपद्धतीत असा तोटा इतर उत्पन्नातून वजा दाखवता येतो. म्हणजे कुलपाची किंमत मालकाला तितकीशी भरावी लागत नाही. ती भरतो तो शेजारचा दुकानदार, ज्याच्या दारावरून गिऱ्हाईक जाईनासे होते.

दुसरे कारण कायद्याचे. न्यू साऊथ वेल्स राज्याच्या १९९४ च्या कायद्यान्वये किरकोळ दुकानाचा भाडेपट्टा सामान्यतः किमान पाच वर्षांचा असावा लागे. लहान दुकानदाराला संरक्षण मिळावे हा या तरतुदीचा हेतू. परंतु ज्याला आपला धंदा चालेल की नाही याचीच खात्री नाही, त्या नवख्या माणसाने पाच वर्षांच्या भाड्याची हमी कोणत्या बळावर द्यावी? आणि जो मालक पुढेमागे इमारत पाडून नवे संकुल बांधण्याच्या विचारात आहे, त्याने पाच वर्षे हात का बांधून घ्यावेत? संरक्षणासाठी केलेल्या नियमामुळे संरक्षण द्यावयाचा माणूसच दाराबाहेर राहिला. ही तरतूद त्या राज्याने पुढे २०१७ मध्ये काढून टाकली.

तिसरे कारण सांगण्यासारखे किरकोळ दिसते, पण तेच अनेकदा आडवे येते. जागेचा विमा कोणी उतरवावा, करारपत्राचा वकिली खर्च कोणी सोसावा, जागेचा वापर बदलल्यास इमारतविषयक नव्या नियमांची पूर्तता कोणी करावी, या गोष्टी मोठ्या दुकानाला आणि छोट्या दुकानाला जवळजवळ सारख्याच पडतात. दहा हजारांचा धंदा आणि दहा लाखांचा धंदा यांना एकच अर्ज, एकच शुल्क. आपल्याकडील नगरपरिषदांच्या कचेऱ्यांत ज्यांनी खेटे घातले आहेत, त्यांना हे सांगावे लागणार नाही.

तीस दिवसांचा करार

२००८ च्या अखेरीस वेस्टबरी आणि त्यांचे सहकारी यांनी ‘रिन्यू न्यूकॅसल’ नावाची एक ना-नफा कंपनी स्थापन केली. या कंपनीने इमारत घेतली नाही, कर्ज काढले नाही, आराखडाही केला नाही. तिने एक करारपत्र तयार केले.

हे करारपत्र भाडेपट्ट्याचे नव्हते. ते केवळ परवानगीपत्र होते. मालक कंपनीला जागा वापरण्याची परवानगी देई आणि कंपनी ती पुढे एखाद्या होतकरू व्यावसायिकाला देई. मुदत तीस दिवसांची. महिना संपला की आपोआप पुढचा महिना सुरू. मालकाला खरा भाडेकरू मिळाला किंवा इमारत पाडण्याची वेळ आली, तर त्याने तीस दिवसांची सूचना द्यावी आणि जागा परत घ्यावी, हुज्जत नाही. भाडे नाही. व्यावसायिकाने कंपनीला दर आठवड्यास नाममात्र वर्गणी द्यावी. विमा कंपनी उतरवील. जागा आहे तशी घ्यावयाची. भिंती हलवावयाच्या नाहीत, छपराला हात लावावयाचा नाही. झाडलोट, रंगरंगोटी आणि काचेची सजावट ज्याने त्याने करावी.

मालकाला यात काय मिळाले? भाडे मिळाले नाही, म्हणून कागदावरील किंमतही घटली नाही. फुकट दिलेली जागा हा बाजारभावाचा पुरावा होत नाही, ही त्यातील खुबी. जागेची राखण झाली, फुटलेल्या काचा व भिंतीवरील चिताडकाम थांबले, विम्याची चिंता गेली. आणि जागा परत मागण्याचा हक्क त्याच्या खिशात शाबूत राहिला. त्या वेळी मुख्य पेठेतील बऱ्याच इमारती जी. पी. टी. या मोठ्या मालमत्ता कंपनीच्या ताब्यात होत्या. तिचा भव्य पुनर्विकासाचा बेत २००८ च्या जागतिक आर्थिक मंदीने रेंगाळला होता. इमारती हाताशी, पण काम बंद, अशा अवस्थेत असलेल्या या कंपनीने आपल्या जागा अशा करारावर दिल्या आणि कामाला गती आली.

२००९ च्या प्रारंभी पहिली कुलपे निघाली. आत आले ते कोण? दागिने घडविणारे, कपडे शिवणारे, टोप्या करणारे, छायाचित्रकार, चित्रकार, हाताने पुस्तके छापणारे, संगणकावर चलच्चित्रे तयार करणारे. यांपैकी पुष्कळजण तोवर घराच्या गॅरेजमध्ये किंवा स्वयंपाकघराच्या टेबलावर काम करीत होते आणि आपला माल आठवडी बाजारात किंवा संगणकाद्वारे विकत होते. त्यांचा माल असा की उपनगरातील संकुलात तो मिळू नये. पेठेतील जुन्या दुकानदाराच्या पोटावर पाय येईल अशा धंद्याला जागा दिली, तर एक कुलूप निघून दुसरे लागते. तेव्हा निवड करताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

यातील सर्वच धंदे चालले असे नाही. काही थोड्या महिन्यांत बंद झाले. पण बंद होताना कर्जाचा डोंगर मागे राहिला नाही, घरदार गहाण पडले नाही. माणूस आपली हत्यारे गोळा करून घरी गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. धंद्याचा अंदाज चुकल्याची शिक्षा इतकी सौम्य असेल तर अंदाज करून पाहणारे पुढे येतात. दहा वर्षांच्या कालावधीत या योजनेतून दोनशेहून अधिक उपक्रमांना जागा मिळाली. त्यांपैकी काहींनी पुढे रीतसर भाड्याने जागा घेतल्या.

२०११ च्या जानेवारीत हंटर स्ट्रीटवरील ‘डेव्हिड जोन्स’ हे मोठे दुकान बंद झाले. पेठेचा हा अखेरचा मोठा खांब. त्या प्रचंड इमारतीचा तळमजला अंधारात राहिला असता तर दोन वर्षांची मेहनत वाया गेली असती. त्याच वर्षी त्या जागेत ‘एम्पोरियम’ या नावाने अनेक लहान दुकाने मांडण्यात आली. जेथे एकाच नावाचे दुकान होते तेथे एकेका मेजावर, एकेका कोपऱ्यात निरनिराळ्या माणसांनी आपला हातमाल मांडला.

प्रसिद्ध प्रवासमार्गदर्शिका ‘लोनली प्लॅनेट’ हिने २०११ सालासाठी जगातील पाहण्याजोग्या दहा शहरांची यादी दिली, तीत न्यूकॅसल नवव्या क्रमांकावर होते. आपली दिल्ली आठव्या क्रमांकावर होती. शेकडो वर्षांची राजधानी आणि कारखाना गमावलेले हे बंदर, यांना एका ओळीत बसवणाऱ्या यादीला किती महत्त्व द्यावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावे. तथापि, आपल्या गावाबद्दल खजील होऊन बोलण्याची सवय लागलेल्या न्यूकॅसलकरांवर तिचा परिणाम झाल्यावाचून राहिला नाही.

श्रेय कोणाला

अशा कथा सांगताना एक मोह होतो. काही काचांना रंग दिला आणि शहर सुधारले, असे सांगून मोकळे व्हावे! वस्तुस्थिती तशी नाही. त्याच काळात कोळशाच्या निर्यातीला तेजी होती आणि न्यूकॅसल हे जगातील कोळसा निर्यातीचे सर्वांत मोठे बंदर आहे. राज्य शासनाने पुढे शहरात मोठ्या प्रमाणावर पैसा घातला. २०१४ च्या अखेरीस मध्यवस्तीत येणारा जुना लोहमार्ग बंद करण्यात आला. त्यावरून गावात मोठा वाद झाला. विद्यापीठाची नवी इमारत २०१७ मध्ये मध्यवस्तीत उघडली आणि विद्यार्थ्यांची वर्दळ सुरू झाली. २०१९ च्या फेब्रुवारीत हंटर स्ट्रीटवरून नवी ट्राम धावू लागली. ट्रामच्या बांधकामाच्या काळात रस्ता खणलेला असताना तेथील लहान दुकानदारांचे हाल झाले, हेही नमूद केले पाहिजे. ज्यांनी पेठ जागती ठेवली त्यांनाच सुधारणेची झळ आधी लागली.

रिन्यू न्यूकॅसलने केले ते एवढेच, की मोठा पैसा येईपर्यंतच्या पाच-सात वर्षांत पेठ मरू दिली नाही. नगरविकासाच्या आराखड्यांत या मधल्या वर्षांना रकाना नसतो. आराखडा मंजूर होतो, निधीची तरतूद होते, निविदा निघतात, न्यायालयात स्थगिती येते. दरम्यान रस्त्यावरचे लोक कोठे तरी जगत असतात आणि दुसरीकडे खरेदीला जाण्याची त्यांना सवय लागते. एकदा लागलेली ही सवय नव्या इमारतीने मोडत नाही.

तीस दिवसांच्या करारावर आक्षेप घेणारेही होते. कलावंतांनी पेठ उजळावी, जागेचा भाव चढावा आणि मग त्यांनाच बाहेर काढावे, हा कोणता न्याय, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्यावरील उत्तर पूर्ण समाधान करणारे नाही. पाच वर्षांची हमी मागितली असती तर एकही कुलूप निघाले नसते, हे मात्र खरे. अट पहिल्या दिवशीच स्पष्ट होती, फसवणूक झाली नाही. तरीही, वाढलेल्या मूल्याचा काही वाटा ते वाढविणाऱ्याच्या पदरात पडावा अशी तजवीज या करारात नव्हती. तो त्याचा उणेपणाच म्हटला पाहिजे.

‘लीव्ह अँड लायसन्स’ आणि आपण

भाडेपट्टा आणि परवानगी यांतील हा भेद महाराष्ट्राला नवा नाही. दोन्ही देशांचे कायदे इंग्रजी कायद्याच्या एकाच मुळातून आलेले आहेत. भाडेपट्ट्याची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात आणि परवानगीची व्याख्या त्याच वर्षीच्या सुविधाधिकार अधिनियमात आपल्याकडे आहे. ‘लीव्ह अँड लायसन्स’ हा शब्दप्रयोग तर आपल्या शहरांत घरोघरी ऐकू येतो. परंतु मालकाच्या मनातील भीतीचा इतिहासही आपल्याकडेच अधिक खोल आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांना संरक्षित भाडेकरूचा दर्जा मिळाला. ज्यांच्या डोक्यावर छप्पर राहिले त्यांच्या दृष्टीने तो मोठाच दिलासा होता. मात्र मालकांच्या एका पिढीने त्यातून एकच धडा घेतला: जागा कुलुपात ठेवावी, कोणाला देऊ नये. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, लेखी व नोंदणीकृत करार सक्तीचा केला आणि राहण्याच्या जागेपुरती मुदत संपल्यावर ताबा परत मिळविण्याची सुटसुटीत वाट करून दिली. दुकानाच्या गाळ्याला ती वाट तितकी सरळ नाही.

खाजगी मालकाचे मन वळविणे अवघड असेल. पण स्थानिक संस्थांच्या स्वतःच्या गाळ्यांचे काय? बाजार आवारात किंवा बसस्थानकाजवळ बांधलेले आणि अनामत रकमेच्या आकड्यामुळे वा लिलावाला प्रतिसाद न मिळाल्याने वर्षानुवर्षे बंद असलेले व्यापारी गाळे अनेक गावांनी पाहिले आहेत. तेथे मालक म्हणजे सभागृह. बचत गटाची पापड-मसाल्याची विक्री, एखाद्या विणकराचा माग, सायकल दुरुस्तीचे दुकान, शाळा सोडलेल्या मुलाचे मोबाइल दुरुस्तीचे टेबल, यांना लिलावात उभे राहण्याचे बळ नसते. लिलाव लागेपर्यंतच्या काळासाठी महिन्या-महिन्याच्या परवानगीने, विमा व विजेची जबाबदारी आधीच ठरवून, अशी जागा देता येईल काय, याचा विचार प्रत्येक संस्थेने आपापल्या नियमांच्या चौकटीत करून पाहण्यासारखा आहे. हिशेब तपासनिसाचा पहिला आक्षेप ‘महसूल बुडाला’ असा असेल. बंद गाळ्याने किती महसूल दिला, हा आकडा त्याच टिपणीत शेजारी मांडावा लागेल. आणि मुदत संपल्यावर जागा खरोखर रिकामी होईल याची खात्री देणारी, गावात शब्दाला वजन असलेली एखादी संस्था मध्ये उभी राहावी लागेल. न्यूकॅसलमध्ये कंपनीने हेच काम केले. मालकाचा विश्वास अनोळखी कारागिरावर नव्हता, तो मधल्या संस्थेवर होता.

अशाच धर्तीचे काम दक्षिण ऑस्ट्रेलियात ‘रिन्यू ॲडलेड’ या संस्थेने हाती घेतले. खुद्द वेस्टबरी यांनी ‘रिन्यू ऑस्ट्रेलिया’ या नावाने ते इतर गावांत नेले. न्यूकॅसलमधील मूळ कंपनी २०१९ च्या आरंभी बंद करण्यात आली. मध्यवस्तीत बांधकामांचा जोर वाढला होता, उसन्या मागण्याजोग्या रिकाम्या जागा मिळेनाशा झाल्या होत्या आणि कामाला लागणारा पैसाही आटला होता. मुख्य पेठेतील जुन्या इमारतींची काही दर्शनी तोंडे कायम ठेवून मागे निवासी संकुले उभारण्यास तोवर प्रारंभ झाला होता. एम्पोरियममधील मेजे मांडलेली ती डेव्हिड जोन्सची इमारतही नव्या मालकाकडे गेली आणि २०२२ मध्ये तेथे एक मोठे हॉटेल सुरू झाले.